आजीला एवढ्यात काही सांगू नका

तुमचे काका २००६ मध्ये घरातून निघून गेले, त्याच सुमारास घाटात सापडलेल्या बेवारस मृतदेहाचं वर्णन त्यांच्याशी जुळतंय, त्या खुनाचा छडा अजून लागलेला नाही, आणि हे आजीला सांगू का असं तुम्ही विचारलंय. नका सांगू. मी सांगून बसलोय.

माझा मामा १९९७ ला गेला. तीन वर्षांनी अशाच एका प्रकरणातलं वर्णन वाचलं: उंची साडेपाच फूट, उजव्या मनगटावर गोंदण, पांढरा शर्ट. मामाच्या मनगटावर बदाम होता. झालं, त्याच रात्री मामीकडे गेलो. तिने कुंकू पुसलं, दहावं-तेरावं उरकलं. पोलिसांनाही मीच छातीठोकपणे जबाब दिला, आमचाच माणूस म्हणून.

कपडे मात्र पाहिलेच नव्हते. ते बघायला अकरा महिने गेले. ठाण्याचं नाव घेत नाही, पण "साहेब बंदोबस्ताला गेलेत" हे वाक्य अजून झोपेत ऐकू येतं. कधी हद्द दुसऱ्यांची, कधी मुद्देमाल कारकून रजेवर. शेवटी लाखेचं सील तोडून गाठोडं सोडलं. शर्ट ३८ चा. मामा ४२ च्या खाली कधी मावला नाही. कॉलरला शिंप्याचं लेबल, गाव असं की आमच्यातलं कुणी तिथे कधी गेलेलं नाही.

माझ्या जबाबामुळे कागदावर 'ओळख पटली' असा शेरा पडला होता. म्हणजे अकरा महिने त्या माणसाच्या खऱ्या घरच्यांना कुणी शोधलंच नाही. मी स्वतः त्या शिंप्याकडे गेलो. तो आदल्या दिवाळीत वारला होता, दुकानात आता रसवंती.

लेबलही फसवतं म्हणा. १ डिसेंबर १९४८ ला ॲडलेडजवळ सॉमर्टन किनाऱ्यावर सापडलेला अनोळखी माणूस घ्या. अंगावरच्या कपड्यांची लेबलं काढलेली, पण रेल्वे स्टेशनवरच्या त्याच्या सुटकेसमधल्या टायवर 'कीन' हे नाव. लोकांनी त्याला हेर ठरवलं, एका नर्सच्या मुलाचा बापही ठरवलं. २०२२ मध्ये संशोधकांनी डीएनएवरून तो मेलबर्नचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर कार्ल वेब असल्याचं जाहीर केलं. कीन हे त्याच्या बहिणीचं सासरचं आडनाव. नर्सच्या मुलाशी रक्ताचं नातं निघालंच नाही.

मी वकील नाही, नियम बदललेही असतील. पण माझं मत: आजी आहेत तोवर त्यांचा डीएनए नमुना तपास अधिकाऱ्यामार्फत द्या, बेपत्ता माणसाच्या आईचा नमुना फार मोलाचा. कारण सांगायचं तर 'बेपत्ता काकांच्या नोंदीसाठी' एवढंच सांगा, ते खोटंही नाही. तो नमुना आपोआप कुठे जुळेल या भ्रमात राहू नका. डीएनए बँकेचं विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. अमुक नंबरच्या गुन्ह्यातल्या बेवारस मृतदेहाशी तुलना करा, असं लेखीच मागा.

आणि हे सगळं जमिनीसाठी चाललं असेल (राग मानू नका, आमच्याकडे होतं), तर सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाला मृत मानण्याचा दावा कोर्टात करता येतो. त्यासाठी कुणाचा तरी मृतदेह आपला म्हणावा लागत नाही.

अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट. आमची नव्हती.