वाचकांचे प्रश्न : दगडी शाळा पुन्हा दगडातच?

प्रश्न : २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळच्या डोंगरी गावांत काही शाळा पडलेल्या दगडांतूनच उभ्या राहिल्या. १९९३ ला किल्लारीत दगडी भिंतींनीच माणसं गाडली. मग हे सुरक्षित कसं?

उत्तर : दोष दगडाचा नव्हे, बांधणीचा. मातीत रचलेल्या जाड भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये चिपा भरलेल्या. हादऱ्यात थर सुटून फुगतात, वरून मातीचं जड धाबं बसतं.

म्हणून भिंत ४५ सेंमीहून जाड नको. दर ६० सेंमी उंचीवर, आडवे १२० सेंमीच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड घाला. एवढे लांब दगड नसतील तर काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्या. सांध्याला १:६ सिमेंट-वाळू. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवा, ७.५ सेंमी जाडीत दोन सळया, १५ सेंमीत चार, सळया बांधणाऱ्या रिंगा दर १५ सेंमीवर. गवंडी चुकतात ते कोपऱ्यावर: सळई तिथेच तोडतात. ती वळवून पुढच्या भिंतीत न्या, दोन सळयांचा जोड कोपऱ्यापासून दूर; १० मिमी सळया जोडात अर्धा मीटर तरी एकमेकींवर याव्यात. नाहीतर पट्टा नावापुरताच!

खिडकी कोपऱ्यापासून ६० सेंमी दूर. छत पत्र्याचं, कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) वरच्या पट्ट्यात बोल्टने पक्क्या. खेचरांवरून आलेल्या सिमेंटमध्ये गाठी दिसल्या, तर ते पट्ट्याला अजिबात वापरू नका.