इंजिनिअरिंगची इतकी कॉलेजं असूनही कंपन्या ‘कामाची मुलं मिळत नाहीत’ असं का म्हणतात? मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं?

भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवणाऱ्या कारखान्यात, मी अठरा वर्षं आहे. नवीन मुलांची निवड मीच करतो, म्हणून तिथलंच सांगतो.

मुलाखतीत मी समोर व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आणि लेथवरून (कातकामाच्या मशीनवरून) उतरवलेला एक जॉब, म्हणजे धातूचा घडवलेला तुकडा, ठेवतो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला की ‘शून्य पॉइंट शून्य दोन’ मिलिमीटर हे तोंडपाठ असतं. मोजायला सांगितलं की अडतं. एका मुलीनं जॉब तिरका धरून तीनदा मोजला, तिन्ही मापं वेगळी. मी विचारलं, ‘‘कॉलेजात हा हातात घेतला होतास का?’’ ती म्हणाली, ‘‘सर, बॅचला एकच होता. एकानं रीडिंग घ्यायचं, बाकीच्यांनी जर्नलात उतरवायचं.’’ पोरगी हुशार होती, आम्ही तिला घेतलं. पंधरा दिवसांत ती मायक्रोमीटर चोख वाचायला लागली. म्हणजे उणीव मुलांमध्ये नव्हतीच. चार वर्षांत कुणी तिला पंधरा दिवस दिले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. माझ्यासारखी शेतकऱ्यांची पोरं त्यामुळेच इंजिनिअर झाली, ते उपकार मी विसरणार नाही. पण जागा वाढल्या त्या वेगानं शिकवणारे घडले नाहीत. कालचा बी.ई. आज वर्गावर उभा राहतो, कारखान्यात एक दिवसही न घालवता. सुट्टीत प्राध्यापकांना महिनाभर कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर पाठवा, मुलांची तोंडी परीक्षा मशीनपाशी उभं करून घ्या. सिलॅबस बदलण्याआधी एवढं झालं तरी खूप फरक पडेल.

त्याच 1983 साली शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळकरी मुलं तिथं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हातानं करत शिकली. पुढे हातानं काम करत शिकायचा हा विषय बऱ्याच शाळांत गेला. माझ्या मते तो आठवीपासून प्रत्येक शाळेत हवा. कॉलेजं आपण गावोगाव काढली, पाबळ मात्र तेवढं पसरवलं नाही.

तुमच्या मुलीसाठी कॉलेज बघाल तेव्हा प्लेसमेंटचे फ्लेक्स वाचत बसू नका. कामाच्या दिवशी, न कळवता वर्कशॉपमध्ये जा. लेथच्या ट्रेमध्ये ताजा कीस पडलाय का बघा, आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा, ‘‘शेवटचा जॉब तू स्वतः कधी केलास?’’