भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सही करू का?

वाचकाचं पत्र

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, सासर पिंपरी-चिंचवडला. फाल्गुनात बाबा गेले. मागे आई, दादा आणि मी. साडेचार एकर जमीन, त्यात दोनेक एकर ऊस, एक विहीर आणि गावातलं घर. वारस नोंद होऊन सातबारावर तिघांची नावं लागली आहेत. दादा म्हणतो, ‘भाऊबीजेला ये, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोड करून टाकू. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज काढायचं तर दरवेळी तुला पुण्याहून बोलवायचं का?’ लग्नात केलेल्या खर्चाचाही विषय निघाला. बाबांचं डायलिसिस चार वर्षं दादा-वहिनींनीच निभावलं, हे मी विसरू शकत नाही. इकडे हे म्हणतात, हक्काचं का सोडायचं, मुलीच्या इंजिनीअरिंगला पैसे कुठून आणणार? सही केली तर जन्मभर चुटपुट, नाही केली तर माहेर तुटणार. रात्री ठरवते ते सकाळी मोडतं. ठामपणे कसं ठरवू?

– एक बहीण

उत्तर

ताई,

तुमचं ठरलेलं मोडतं, कारण तुमच्यासमोर एक नव्हे, चार प्रश्न आहेत आणि तुम्ही एकाच सहीने चारही सोडवायला बघताय. जमीन कोणाच्या नावावर राहावी? ती कसायची कोणी? दादा-वहिनींनी केलेल्या सेवेची जाण कशी ठेवायची? मुलीच्या फीची सोय कुठून करायची? हक्कसोडपत्राने यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. म्हणून आधी कोऱ्या कागदावर चारही प्रश्न वेगवेगळे लिहा, मध्ये भरपूर जागा सोडा आणि प्रत्येकाखाली फक्त त्याच प्रश्नाबद्दल लिहा. ‘दादाने बाबांचं केलं’ हे वाक्य मालकीच्या प्रश्नाखाली आलं तर खोडून तिसऱ्या प्रश्नाखाली न्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण रात्रीचा निम्मा गोंधळ इथेच निवळतो.

दुसरं पाहायचं ते हे, की कोणता निर्णय परत फिरवता येतो. यंदा सही केली नाही, तर पुढच्या वर्षी करता येईल, पाच वर्षांनीही करता येईल. एकदा दस्त नोंदवला गेला, की तो तुम्हाला एकटीला रद्द करता येत नाही. मग फसवणूक झाली किंवा दबाव आला हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं. दस्त रद्द करून मागण्याची मुदतही तीन वर्षांची, गोष्ट कळल्यापासून मोजायची. दोन बाजूंची किंमत अशी असमान असताना मन दोलायमान असेल, तर न बदलता येणारी गोष्ट आज करू नये. मला विचाराल, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सही करू नका. याचा अर्थ कधीच करू नका असा नाही.

आता तुमच्या वाट्याला नेमकं काय येतं ते बघू. बहुतेक बहिणींना हा आकडाच माहीत नसतो आणि आकडा माहीत नसला की त्याग आणि हाव दोन्ही मनात फुगतात. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे आणि लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. वडील त्या तारखेला हयात होते की नाही, यावरून चाललेला वादही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात मिटवला. 20 डिसेंबर 2004 च्या आधी घरात रीतसर वाटणी झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जमीन बाबांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी आई, दादा आणि तुम्ही समान वारस. तुमच्या घरी ही तीनच माणसं असल्यामुळे दोन्ही हिशेबांनी वाटा एक तृतीयांशच येतो. साडेचार एकर म्हणजे 180 गुंठे, त्यातले 60 गुंठे, म्हणजे दीड एकर तुमचे. घरातही तेवढाच हिस्सा.

लग्नाच्या खर्चाने हा हिस्सा कायद्याने कमी होत नाही. तरीही ज्या घरावर लग्नासाठी कर्ज झालं, त्याची आठवण ठेवावीशी वाटणं गैर नाही. ती आठवण तिसऱ्या प्रश्नाखाली लिहा.

हिश्शाबरोबर कर्जही येतं, हे तुमच्या घरी कोणी बोललेलं दिसत नाही. बाबांच्या नावावर सोसायटीचं किंवा बँकेचं देणं राहिलं असेल, तर मिळालेल्या मिळकतीपुरती त्याची जबाबदारी तिघांवर आहे. म्हणून काही बोलण्याआधी कागद गोळा करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. त्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणता बोजा आहे ते वाचा. सोबत खाते उतारा (8अ), वारस नोंदीचा फेरफार (नावं कशी बदलली त्याची नोंद) आणि जमीन घराण्यात कशी आली हे दाखवणारे जुने फेरफार घ्या. घराची नोंद सातबारावर नसते. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मागा आणि नगर भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका. जमिनीवर वारस नोंद झाली आणि घर बाबांच्याच नावावर राहिलं, असं फार ठिकाणी घडतं.

आता दादाच्या कर्जाच्या अडचणीबद्दल. ती खरी आहे, बहाणा समजू नका. पण तिच्यासाठी मालकी सोडायची गरज नसते. सहहिस्सेदार म्हणून पीककर्जाला तुमची लेखी संमती लागेल, ती द्या. सोसायटीच्या सचिवांना आधी विचारून ठेवा, की संमतीपत्र चालेल का, ते किती काळ चालेल आणि तुम्हाला स्वतः यावं लागेल का. फक्त सही करताना कागदावरचा शब्द बघा. ‘संमती देणार’ आणि ‘सहकर्जदार’ किंवा ‘जामीनदार’ यांत फार अंतर आहे. पुढच्या दोन्हींत कर्ज थकलं तर वसुली तुमच्यापर्यंत येते. ‘तुझं कर्ज अडणार नाही, संमतीपत्र मी पाठवते’ एवढं एक वाक्य तुम्ही दादाला आजच सांगू शकता आणि त्याने घाईचं मोठं कारण निघून जातं.

‘सही’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये बरंच काही आहे. नाव तिघांचं ठेवून दादाने कसावं. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो, त्यामुळे नुसतं तो कसतो म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. उत्पन्नातून काही घ्यायचं की आईच्या औषधपाण्यासाठी त्यालाच ठेवू द्यायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. किंवा घरावरचा हक्क सोडा आणि जमिनीवरचा ठेवा. तुम्ही गावी राहायला जाणार नसाल, तर ही वाट दोघांनाही मानवते, कारण दादा-वहिनींना डोक्यावरच्या छपराची खात्री मिळते. किंवा हक्क सोडून त्याचा मोबदला घ्या. मुलीच्या फीचा प्रश्न खरोखर तातडीचा असेल, तर हीच वाट त्याला थेट भिडते. तेव्हा भाव अंदाजाने ठरवू नका. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला दर खालची रेघ समजा आणि शेजारच्या गटांचे अलीकडचे व्यवहार सूची दोनमध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, म्हणजे इंडेक्स टूमध्ये) बघा. रक्कम बँकेतूनच घ्या, दस्ताच्या दिवशी किंवा त्याआधी, आणि ती दस्तात लिहून घ्या. ‘ऊस गेला की देतो’ यावर सही करू नका. दादाची नियत चांगलीच असेल, पण उसाचं बिल लांबलं की बोलणं फिसकटतं आणि मग दोष माणसाला लागतो. मोबदला असला तर मुद्रांक शुल्काचं गणित बदलू शकतं, ते दस्तलेखकाला नव्हे, वकिलाला विचारा.

वाटणी मागून दीड एकर वेगळं करून घेणं हाही मार्ग आहे. पण विहीर एक, पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या, बांधावरून वाट काढायची आणि कसणारं तुमच्याकडे कोणी नाही. तुमच्या परिस्थितीत मी हा शेवटी ठेवेन.

एक गोष्ट तुमच्या यजमानांनाही सांगा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तुमच्या किंवा सासरच्या नावावर दुसरी शेती नसेल, तर सातबारावरचं हे नाव गेल्यावर तो पुरावा पुढे उभा करणं अवघड जातं. हक्क पूर्ण सोडायचाच झाला, तरी काही गुंठे नावावर ठेवता येतील का हे आधी पाहावं.

कागद झाले, आकडे झाले, तरी मन उरतंच. त्यासाठी हे करून बघा. आठ दिवस ‘सही करायची आहे’ असं पक्कं धरून वागा, कोणालाही न सांगता. पुढचे आठ दिवस ‘करायची नाही’ असं धरा. रोज झोपण्याआधी दोनच ओळी लिहा: आज कशाने टोचलं आणि कशाने हलकं वाटलं. पहिल्या आठवड्यात जमीन गेल्याचं टोचतं, मुलीच्या फीचं, की ‘मला कोणी विचारलंच नाही’ याचं, हे नीट बघा. शेवटचं असेल, तर तुम्हाला हवी आहे ती विचारणा. मग सन्मानाने विचारल्यावर तुम्ही कदाचित आनंदाने सही कराल. दुसऱ्या आठवड्यात वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन टोचत असेल, तर तो ऋणाचा प्रश्न आहे आणि ते ऋण दुसऱ्या मार्गानेही फेडता येतं. डायलिसिसच्या वर्षांत झालेल्या खर्चातला काही भार उचला, नाहीतर आईला वर्षातले तीन महिने तुमच्याकडे आणा. या सोळा दिवसांत यजमानांचं मत एकदा, पूर्ण ऐका आणि नंतर रोज त्यावर चर्चा नको. हिस्सा तुमचा आहे, म्हणून निर्णयही तुमचाच. घरात भांडण झालेल्या दिवशी आणि माहेरहून फोन आलेल्या रात्री काहीही ठरवायचं नाही.

जे ठरेल त्याचं कारण आईच्या तोंडाकडे बघून एका वाक्यात सांगता येतं का, ते तपासा. ‘हे म्हणतात म्हणून’ किंवा ‘दादा रागावेल म्हणून’ अशी सुरुवात होत असेल, तर अजून ठरलेलं नाही. ठामपणा म्हणजे दुःख न होणं नव्हे. दोन्हींकडे थोडं दुखणार आहे आणि ते दुखणं निर्णय चुकल्याची खूण नाही.

दादाशी भाऊबीजेच्या ताटापुढे बोलू नका. आठ-दहा दिवस आधी फोन करा, वहिनीही ऐकत असतील तर उत्तम. आधी बाबांच्या आजारपणाबद्दल मनापासून बोला, मग सांगा: ‘दादा, मी भाऊबीजेला येणार आहे, पण यंदा हक्कसोडीची सही करणार नाही. तुझं कर्ज अडू देणार नाही. जमीन तूच कस. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत मी माझं सांगते.’ तारीख द्यायचीच, नाहीतर ‘टाळते आहे’ असं वाटतं आणि ते त्याच्यावर अन्यायाचं होईल. तो चिडला तर नवी कारणं देत बसू नका, हीच वाक्यं शांतपणे पुन्हा म्हणा. कारणं वाढली की वाद प्रत्येक कारणाशी होतो.

आणि अक्षय्य तृतीयेला तुम्ही ठरवलंत की द्यायचंच, तर ते मनापासून आणि व्यवस्थित द्या. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून किंवा तलाठ्यापुढे जबाब देऊन हक्क सुटत नाही, फक्त पुढच्या पिढीला भांडण मिळतं. मसुदा चार दिवस आधी मागवून घरी वाचा. गट नंबर, क्षेत्र, हक्क कोणाच्या लाभात सोडता आहात, मोबदला घेतला की विनामोबदला, आणि घराचा उल्लेख तुम्ही ठरवल्याप्रमाणेच आहे ना, हे तपासा. ‘पुढे मिळणाऱ्या सर्व मिळकतीवरील हक्क’ अशी मोघम ओळ असेल तर काढायला लावा. सोबत कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) पुढे केलं तर त्यावर सही नको. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठा घेताना दस्त मान्य आहे का असं विचारतात. त्या क्षणीही ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार असतो.

आईचं मात्र वेगळं बघा. तुमच्याबरोबर ‘आईचीही सही उरकून घेऊ’ असं बोलणं निघेल. तिचा दीड एकर तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहावा, याबद्दल तुम्ही आणि दादा दोघांनी आग्रही राहा. दादावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. नावावर काही असलेल्या बाईला घरात आणि बँकेत आपलं म्हणणं मांडता येतं. तिला द्यायचंच असेल, तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली दाद मागायला त्या ओळीचाच आधार लागतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर अडून बसू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडे जा, नाहीतर 15100 वर फोन करा. जाताना सातबारा, 8अ, फेरफार, बाबांचा मृत्यू दाखला आणि दादाने मसुदा दिला असेल तर त्याची प्रत न्या.