सिस्टीम बंद असली की बँकवाले पूर्वीसारखं वहीवर काम का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. मी लेजरवर, म्हणजे खात्यांच्या जाड वह्यांवर, नोकरी सुरू केली आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणक यंत्रणेला जोडल्यावर, निवृत्त झालो. वहीवर काम आता करताच येत नाही. यात काउंटरवरच्या माणसाचा आळस नाही.

पूर्वी तुमचं खातं खरोखर शाखेतच असायचं. स्लिप आली की टोकन द्यायचं, लेजरचं पान उघडून शिल्लक बघायची, नमुना सही ताडायची, नोंद टाकायची, अधिकाऱ्याची सही घ्यायची, मग स्लिप कॅशियरकडे. वेळ लागे, पण वीज गेली तरी काम अडत नसे. आता खातं दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतं. नेटवर्कची लाइन गेली की समोरच्या आजींना वर्षानुवर्षं ओळखत असूनही त्यांची शिल्लक किती ते आम्हाला कळत नाही. सकाळीच त्यांच्या खात्यातून एटीएमने पैसे निघाले असतील, तर वहीवर दिलेली रक्कम कोणी भरायची?

तरी मला लेजर परत नकोत. तेव्हा बचत खात्यावर महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीवर व्याज मिळे. 11 तारखेला पैसे भरणाऱ्याचा तो महिना फुकट जाई. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज मिळू लागलं, ते संगणकामुळेच शक्य झालं. हाताने हजारो खात्यांचा असा हिशेब कोण करणार?

मला काळजी वाटते ती अनेक बँका एकाच खुंटीला टांगल्याची. जुलै 2024 च्या अखेरीस एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला (संगणकातली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा प्रकार) झाला, आणि तिच्या यंत्रणेवर चालणाऱ्या सुमारे 300 लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय-एटीएम व्यवहार थांबवावे लागले. त्या बँकांचा स्वतःचा काही दोष नव्हता. आणि तिथले काही खातेदार असे, की ज्यांचं दुसरीकडे खातंही नसतं.

म्हणून घरात दोन-चार दिवसांच्या खर्चाची रोकड ठेवा आणि पासबुक वरचेवर भरून घ्या. बँकांकडे माझी मागणी वेगळी आहे. आदल्या संध्याकाळची शिल्लक शाखेत सुरक्षित उतरवून ठेवावी आणि सिस्टीम बंद असताना ओळखीच्या खातेदाराला तिच्या आधारे ठरावीक छोटी रक्कम देण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याला लेखी द्यावा. क्वचित एखादी रक्कम बुडेल, ती बँकेने सोसावी. औषधाला पैसे हवे असलेल्या माणसाला "उद्या या" म्हणून परत पाठवणं मला कधीच पटलं नाही.