मदत केंद्रावर कुणाची केस ऐकताना समोरची व्यक्ती जुना प्रसंग आठवून एकदम थरथरायला, हमसून रडायला लागली तर काय करायचं?

प्रश्न थांबवा, फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी त्यांना 'आत्ता, इथे' परत आणा, बाकी सगळं नंतर. अशा वेळी शरीर जुना धोका आत्ताच समोर असल्यासारखं वागत असतं, छाती धडधडते, श्वास वर लागतो, मग तुम्ही कितीही समजावलंत तरी डोक्यात शिरत नाही. हळू आवाजात नाव घेऊन सांगा की ताई तुम्ही कुर्ल्याच्या सेंटरवर आहात, मी इथेच बसलेय, पाय जमिनीला टेकवा, खोलीत काय काय दिसतंय ते सांगा बघू, पाणी देऊ का. खांद्यावर हात ठेवायचा तर विचारूनच. "रडू नका", "झालं गेलं विसरा" नको, आणि "मग पुढे काय झालं?" तर अजिबातच नको. मोकळं होऊ दे म्हणून सगळं वदवून घ्यायची आपल्याकडे भारी हौस, पण डब्ल्यूएचओच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार गाईडमध्येही हेच आहे की बोलायची जबरदस्ती करू नका. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. अर्थात नुसतं रडणं असेल तर यातलं काहीच करायला नको, गप्प सोबत बसा, पण जीव द्यायची भाषा आली किंवा बराच वेळ त्या भानावरच येत नसतील तर एकटं सोडू नका, मुंबईत केईएम किंवा सायन हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोबत न्या, रात्री-बेरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फ्री आहे आणि मराठीत बोलतात.