वाळवीचं औषध आणि पोटातलं बाळ

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या घरात देवघराच्या चौकटीला वाळवी लागली आहे. पेस्ट कंट्रोलवाला भिंतीच्या कडेने भोकं पाडून क्लोरपायरिफॉस सोडणार आहे. सुनेला सहावा महिना चालू आहे. ‘औषध सरकारमान्य आहे, उंदरांवर तपासलेलं आहे,’ असं तो म्हणतो. भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका ठेवू. ते काम आधी थांबवा.

उंदरांवर तपासलंय, हे खरं. विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं हेच काम केलं. गाभण मादीला सहाव्या दिवसापासून पिल्लं दूध पीत असेपर्यंत औषध द्यायचं. एकेका मात्रेला वीसेक माद्या. मग पिल्लं आवाजाला किती दचकतात, वाट लक्षात ठेवतात का, हे बघायचं आणि शेवटी मेंदूचे काप काढून मोजायचे. पण मेंदूची ही चाचणी प्रत्येक रसायनाची होत नाही. शंका आली तरच ती मागतात. ‘सरकारमान्य’ या शब्दात ती धरलेली असतेच, असं समजू नका.

क्लोरपायरिफॉसची झाली होती, 1998 साली, उत्पादकाच्याच खर्चाने. निष्कर्ष निघाला की पिल्लांच्या मेंदूला वेगळा धोका नाही. 2018 मध्ये स्वतंत्र संशोधकांनी त्याच चाचणीचे मूळ आकडे पुन्हा तपासले, तर कमी मात्रेतही पिल्लांच्या लहान मेंदूची, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाची, उंची घटलेली निघाली. आकडे वहीत होते, निष्कर्षात नव्हते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि माणसाच्या लेकरांचं? न्यूयॉर्कमध्ये नाळेच्या रक्तात हे औषध मोजलं आणि ती मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. ज्यांच्या रक्तात जास्त सापडलं होतं, त्यांची ऐकलेलं डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता कमी भरली. औषध त्यांच्या घरांतच फवारलं जायचं. अमेरिकेने 2000 साली त्याचा घरगुती वापर जवळजवळ बंद करायचं ठरवलं. युरोपने 2020 मध्ये मान्यताच काढली.

बाळंतपण झालं की भोकं पाडू, असंही करू नका; तान्ह्या बाळाचा मेंदू वाढतच असतो. चौकट सुताराकडून काढून घ्या, वाळवीची मातीची घरं खरवडा, भिंतीत पाणी कुठून मुरतंय ते शोधा. त्या दिवशी सूनबाईंना माहेरी पाठवा. पुढे कधी औषध मारायचंच झालं, तर रसायनाचं नाव बिलावर लिहून घ्या आणि मला कळवा.