2023 साली सुदानमध्ये नेमकं काय झालं? नुसतं दोन सेनापतींचं भांडण होतं का?

नुसतं भांडण म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. लष्करप्रमुख बुऱ्हान आणि हेमेदती भांडले हे खरं, पण या हेमेदतीला फौज दिली सरकारनेच. 2003 पासून पश्चिमेकडच्या दार्फुर प्रांतातलं बंड मोडायला ओमर अल-बशीरच्या राजवटीने जंजावीद टोळ्यांच्या हाती बंदुका दिल्या. 2013 मध्ये त्यातूनच आरएसएफ हे सरकारमान्य निमलष्करी दल उभं राहिलं. त्याचा प्रमुख हेमेदती. 2019 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि बशीरची सत्ता गेली, पण 2021 मध्ये बुऱ्हान आणि हेमेदती यांनी मिळून नागरी सरकार उलथवलं. हो, मिळून! पुढे आरएसएफ सैन्यात किती वर्षांत विलीन करायचं यावरून फाटलं. लष्कर म्हणे दोन, हेमेदती म्हणे दहा. 15 एप्रिल 2023 ला, रमजान संपत आलेला असताना, राजधानी खार्टुममध्ये गोळीबार सुरू झाला.

पुण्यात माझ्या शेजारच्या खोलीत तेव्हा एक सुदानी विद्यार्थी राहायचा. आमच्याच गिरणीतून ज्वारीचं पीठ आणायचा, ते आंबवून तव्यावर घावनासारखं पातळ पसरायचा. त्याला किसरा म्हणतात. त्या शनिवारी तो दिवसभर घरी फोन लावत होता, पातेल्यातलं पीठ फसफसून ओट्यावर आलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. घरचे खार्टुममध्ये अडकले होते.

आपल्याकडे, सुदानमधल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन कावेरीची बातमी आली, 3,862 जणांना बाहेर काढलं, आणि विषय मागे पडला. सगळ्यात भयंकर घडलं ते त्यानंतर, पश्चिम दार्फुरच्या अल-जनीना शहरात. आरएसएफ आणि तिच्या साथीच्या अरब टोळ्यांनी मसालित या बिगर-अरब जमातीच्या लोकांना वेचून मारलं. तिथले राज्यपाल खमीस अबकर यांनी 14 जूनला वाहिनीवरच्या मुलाखतीत हे उघड सांगितलं. काही तासांत त्यांचाच खून झाला. मग लोक चाडच्या हद्दीतल्या आद्रेकडे पळत सुटले, तर वाटेतही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात या एका शहरातल्या मृतांचा आकडा 10 ते 15 हजार आहे. खार्टुमवर लष्कराच्या विमानांनी वस्त्यांवर बॉम्ब टाकले, तेही विसरता येत नाही. म्हणून मी कुठल्याच बाजूला 'आपली' म्हणत नाही.

मित्राच्या घरच्यांनी वद मदनी गाठलं होतं. निळ्या नाईलच्या कालव्यांवरचा सुपीक मुलूख, खार्टुममधून निघालेल्या लाखोंचा आसरा. 18 डिसेंबरला लष्कराने माघार घेतली आणि आरएसएफ तिथेही शिरली. घरचे पुन्हा निघाले, या वेळी पोर्ट सुदानकडे. वर्ष संपेपर्यंत घर सोडावं लागलेल्यांची संख्या 70 लाखांवर गेली होती. त्याची आई त्यातली एक. फोन लागल्यावर तिने आधी विचारलं, "जेवलास का?"